सर्व्हरच्या उत्तराची वाट किती पाहायची?

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका चादर कारखान्यातला साठ्याचा डेटाबेस मध्यंतरी रात्रीतून गोठला, पण त्यावर पहारा ठेवणाऱ्या स्क्रिप्टने सकाळपर्यंत एकही इशारा पाठवला नाही. सर्व्हरच्या खोलीला नवे लिंबू-मिरची बांधून झाले. दृष्ट लागल्याचे म्हणणाऱ्यांना मी प्रक्रियांची यादी दाखवली : स्क्रिप्ट जिवंत होती, फक्त पुढे सरकत नव्हती.

सर्व्हर बिघडला की जोडणी लगेच फसते, हा समज अपुरा आहे. जोडणी मागणारा संगणक प्रथम ‘सिन’ पॅकेट, म्हणजे जोडणीची विनंती करणारा छोटा संदेश, पाठवतो. समोरचा संगणक चालू पण डेटाबेस बंद असेल, तर त्याचे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ‘आरएसटी’ हे नकाराचे पॅकेट पाठवून तत्काळ नकार कळवते. मात्र वाटेतल्या फायरवॉलने, म्हणजे नको ती वाहतूक अडवणाऱ्या यंत्रणेने, पॅकेट गुपचूप टाकून दिले, तर ते हरवले की उत्तराला उशीर होतो आहे, हे पाठवणाऱ्याला कळूच शकत नाही. म्हणून लिनक्सच्या दीर्घकाळ रूढ असलेल्या मांडणीत 1, 2, 4, 8, 16, 32 सेकंद असे अंतर दुप्पट करत सहा वेळा पॅकेट पुन्हा पाठवले जाते आणि शेवटचे 64 सेकंद थांबून, एकूण 127 सेकंदांनी नाद सोडला जातो. तुंबलेल्या जाळ्यावर आणखी भार पडू नये, यासाठी ही वाढती सबुरी असते.

आमचे दुखणे याहून खोल होते. जोडणीचा हा प्रारंभिक संवाद डेटाबेस नव्हे, तर कर्नल पार पाडते; त्यामुळे डिस्क अडकून पोस्टग्रेस, म्हणजे आमचा डेटाबेस, गोठला, तरी ‘जोडणी झाली’ असेच दिसते आणि त्यानंतर पहिल्या उत्तराची वाट सुरू होते. प्रक्रिया कर्नलकडे काय मागते ते दाखवणारे ‘स्ट्रेस’ (strace) हे साधन स्क्रिप्टला लावल्यावर शेवटच्या ओळीत ‘पोल’, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मागणी, दिसले आणि मुदतीच्या जागी उणे एक, म्हणजे अमर्याद.

पोस्टग्रेसशी जोडणी करून देणाऱ्या लिबपीक्यू या लायब्ररीत कनेक्ट टाइमआउट, म्हणजे जोडणीची कमाल मुदत, न दिल्यास हीच अमर्याद वाट पाहिली जाते. तो 5 सेकंद ठेवावा; परंतु तो जोडणी पूर्ण होईपर्यंतच लागू असतो, पुढची क्वेरी अडकली तर त्याचा उपयोग नाही. स्क्रिप्टच्या आत गजर लावणेही नेहमी पुरत नाही : पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत 5.8 आवृत्तीपासून सिग्नलचे, म्हणजे गजरासारख्या इशाऱ्याचे, काम सुरक्षित क्षणापर्यंत लांबवले जाते आणि सी भाषेतल्या लायब्ररीला दिलेली हाक अडकून राहिली, तर तो क्षण येतच नाही. म्हणून घड्याळ प्रक्रियेच्या बाहेर हवे. लिनक्सची ‘टाइमआउट’ आज्ञा ठरलेल्या वेळी प्रक्रिया थांबवते आणि 124 हा संकेतांक परत देते.

कारखान्यात आता प्रत्येक तपासणी दहा सेकंदांच्या या आज्ञेखाली चालते आणि 124 आला, की पाळीवरच्या माणसाच्या मोबाइलवर ‘गंभीर’ असा संदेश जातो.