उत्पन्न विषमता (भारतातील)

देशात वर्षभरात निर्माण होणाऱ्या उत्पन्नाची समाजाच्या निरनिराळ्या थरांत होणारी असमान वाटणी म्हणजे उत्पन्न विषमता. जमीन, घरे, सोने, समभाग अशा साठलेल्या मालमत्तेची विषमता वेगळी मोजतात आणि ती बहुधा अधिक तीव्र असते. मोजमापासाठी इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोर्रादो जीनी यांनी १९१२ मध्ये मांडलेला गुणांक प्रचलित आहे. संपूर्ण समता असल्यास तो शून्य येतो आणि सारे उत्पन्न एकाच व्यक्तीच्या हाती गेल्यास एक.

भारतात ही मोजणीच अवघड आहे. राष्ट्रीय नमुना पाहणी मुख्यतः कुटुंबांचा उपभोगखर्च विचारते. श्रीमंत कुटुंबे उत्पन्नाचा मोठा भाग शिल्लक टाकतात आणि पाहणीच्या हाती सहसा लागत नाहीत, त्यामुळे खर्चाच्या आकड्यांत दरी प्रत्यक्षाहून अरुंद दिसते. प्राप्तिकराची आकडेवारी जोडून ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब’ या संस्थेने केलेल्या अंदाजानुसार, वरच्या १ टक्का लोकांचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा १९८० च्या दशकाच्या आरंभी सुमारे ६ टक्के होता, तो २०२२-२३ मध्ये २२.६ टक्क्यांवर गेला. या अंदाजांमागील गृहीतकांवर अर्थशास्त्रज्ञांत वाद आहेत. तथापि दरी रुंदावली, हा निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आर्थिक वाढीचा मोठा लाभ वित्त, माहिती तंत्रज्ञान व स्थावर मालमत्ता या क्षेत्रांना मिळाला, तर देशातील सुमारे ४५ टक्के कामकरी ज्या शेतीवर अवलंबून आहेत तिचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा त्याच्या निम्म्याहूनही कमी राहिला. वारसा मालमत्तेवरील कर १९८५ मध्ये आणि संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला.

मुंबईच्या गिरणगावात हा बदल उघड्या डोळ्यांनी दिसला. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, कायम नोकरी, बोनस व भविष्यनिर्वाह निधी गमावलेल्या अनेकांना असंघटित कामांकडे वळावे लागले आणि लोअर परळमधील गिरण्यांच्या जागी मॉल, कार्यालये व उंच इमारती आल्या.

उलट दिशेचा महत्त्वाचा प्रयत्नही महाराष्ट्रातलाच आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळालेल्या रोजगार हमी योजनेसाठी नोकरदार व व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घेतला जाई. शहरी मिळकतीचा अंश थेट ग्रामीण मजुरीकडे वळवणारी ही तरतूद योजनेचा कणा होती. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने कामाची हमी स्वीकारली, पण अशा खास कराची जोड तिला दिली नाही.