समन्सच्या पलीकडे: गोव्यातील लोकायुक्त आणि साक्षीच्या सक्तीचा इतिहास

मंत्री-अधिकाऱ्यांविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी लोकायुक्त करतात. न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा सप्टेंबर २०२० मध्ये गोव्याच्या या पदावरून निवृत्त झाले. आपण दिलेल्या अहवालांपैकी २१ अहवालांवर सरकारने काहीच केले नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. हे पद ठेवण्यापेक्षा रद्द केलेले बरे, असेही ते म्हणाले. तेव्हापासून ‘लोकायुक्तांना दात द्या’ ही मागणी गोव्यात अधूनमधून उठते. तिच्यात बहुतेकांचा भर असतो तो साक्षीदाराला खेचून आणून बोलायला लावण्यावर. पण तो अधिकार लोकायुक्तांकडे आधीपासून आहे. तो कुठून आला आणि कुठे अडतो, हे पाहिल्याशिवाय ही मागणी नेमकी होणार नाही.

त्याचे मूळ चौकशी आयोग कायदा, १९५२ मध्ये आहे. या कायद्याच्या कलम ४ ने आयोगाला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार दिले: समन्स काढणे, हजर राहायला भाग पाडणे, शपथेवर जबाब घेणे, कागदपत्रे मागवणे, कोणत्याही कचेरीतून सरकारी दस्तऐवज आणवणे. पुढे जवळजवळ प्रत्येक देखरेख यंत्रणेच्या कायद्यात हीच यादी थोड्याफार फरकाने उतरली. बोलण्याची सक्ती करायची, तर बोलणाऱ्याला संरक्षणही हवे. म्हणून कलम ६ म्हणते की, आयोगापुढे दिलेले निवेदन त्याच माणसाविरुद्ध वापरता येणार नाही. खोटी साक्ष दिल्याचा खटला तेवढा अपवाद. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही, त्या तत्त्वाशी हे सुसंगतच आहे.

१९५८ मध्ये दालमिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आयोगाची जागा स्पष्ट केली. आयोग सत्य शोधतो आणि शिफारस करतो. तो निवाडा देत नाही.

सक्ती किती ताणता येते याची कसोटी आणीबाणीनंतर लागली. आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या न्या. जे. सी. शाह आयोगाने इंदिरा गांधींना बोलावले. जानेवारी १९७८ मध्ये त्या आयोगापुढे आल्या, पण त्यांनी शपथ घेण्यास नकार दिला. आयोगाने भारतीय दंडविधानाच्या कलम १७८ व १७९ खाली (शपथ घेण्यास आणि प्रश्नांना उत्तर देण्यास नकार) तक्रार दाखल केली. शपथेवर बोलण्याची कायदेशीर सक्ती त्यांच्यावर नव्हती, असे ठरवून दिल्ली उच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ती कारवाई रद्द केली. माजी पंतप्रधानांच्या बाबतीत समन्सची ताकद इथवरच पोचली.

गोव्याला दुसऱ्या शाह आयोगाची आठवण जास्त ताजी आहे. बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी केंद्राने नोव्हेंबर २०१० मध्ये न्या. एम. बी. शाह यांचा आयोग नेमला. त्याआधीच इथे धुसफुस होती. सरकारी हिशेब तपासणाऱ्या विधानसभेच्या लोकलेखा समितीलाही माणसे व कागद बोलावण्याचा अधिकार असतो. विरोधी पक्षनेते मनोहर पर्रीकर यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने २०११ मध्ये खाणींवरचा अहवाल सभापतींकडे दिला, पण तो सभागृहापुढे आला नाही. शाह आयोगाचा गोव्यावरचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला. त्यात नुकसानीचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी रुपये होता. तीनच दिवसांत राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. डिचोली, सत्तरी, सांगे, केपेतल्या ट्रकवाल्यांपासून बार्जमालकांपर्यंत सगळ्यांची मिळकत एका फटक्यात बंद झाली.

मग कायद्यातली एक उणीव पुढे आली. १९७१ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ८ब नुसार, ज्याच्या नावाला बट्टा लागू शकतो त्याला आयोगाने म्हणणे मांडण्याची संधी द्यायला हवी. ८क नुसार उलटतपासणीचीही. खाणमालकांना ती मिळाली नव्हती. त्यामुळे २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम बेकायदा ठरवले खरे, पण केवळ आयोगाच्या निष्कर्षांवरून खाणमालकांवर खटले भरायला लावणे नाकारले. चौकशी करणाऱ्याने ऐकून घेण्यात कसूर केली, तर मिळवलेली माहितीही पुढे टिकत नाही, हा धडा गोव्याने मोठी किंमत मोजून घेतला आहे.

लोकायुक्ताची कल्पना वेगळ्या वाटेने आली. मोरारजी देसाई अध्यक्ष असलेल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त सुचवले. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा केला. गोव्याने १९८८ मध्ये सार्वजनिक पदांवरील व्यक्तींच्या भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी वेगळा कायदा केला आणि पुढे २०११ चा लोकायुक्त कायदा आला. पहिले लोकायुक्त न्या. बी. सुदर्शन रेड्डी मार्च २०१३ मध्ये आले आणि ऑक्टोबरमध्ये राजीनामा देऊन गेले. त्यानंतर एप्रिल २०१६ पर्यंत, म्हणजे जवळपास अडीच वर्षे, खुर्ची रिकामी होती. रिकाम्या खुर्चीवरून कसले समन्स निघणार?

मिश्रांच्या काळातले सर्वांत गाजलेले प्रकरण खाणींचेच. २०१४-१५ मध्ये ८८ खाण लीजचे नूतनीकरण झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ते रद्द केले. जानेवारी २०२० मध्ये लोकायुक्तांनी माजी मुख्यमंत्री आणि दोन अधिकाऱ्यांविरुद्ध गुन्हा नोंदवून तपास करण्याची शिफारस केली. शिफारस म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे इथे नोंदवायला हवे. पण ती खरी की खोटी हे तपासातून ठरायला हवे होते आणि सरकारने ती मानलीच नाही. ज्या यंत्रणेच्या कारभारावर बोट ठेवले, तीच अहवालाचे काय करायचे ते ठरवते. माझ्या मते साऱ्या वादाचा गाभा हा आहे. साक्षीदारावर सक्ती आहे; त्याची साक्ष ज्याच्या हातात पडते त्याच्यावर नाही.

शेजारच्या कर्नाटकात लोकायुक्तांच्या हाताशी स्वतःचे पोलीस होते. न्या. संतोष हेगडे यांचा खाणींवरचा अहवाल जुलै २०११ मध्ये आला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले.

इतर यंत्रणांकडेही हीच हत्यारे कमी-अधिक आहेत. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम १८(३) मुळे माहिती आयोग समन्स काढू शकतो. गोव्याने तर १९९७ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. नियंत्रक व महालेखापरीक्षकांना (कॅग) १९७१ च्या कायद्याने हिशेब पाहण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, शपथेवर जबाब घेण्याचा नाही.

२०२१ मध्ये गोव्याने लोकायुक्त कायद्यात दुरुस्ती केली. आधी या पदासाठी सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती लागत. आता उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीशही चालतात. मे २०२१ मध्ये न्या. अंबादास जोशी या पदावर आले. पात्रतेचा हा वाद महत्त्वाचा असेल, पण मिश्रा ज्या अहवालांबद्दल बोलले होते त्यांचे उत्तर त्यात नाही. अहवाल नाकारायचा असेल, तर सरकारने ठरलेल्या मुदतीत लेखी कारणे विधानसभेपुढे ठेवावीत आणि तपासासाठी लोकायुक्तांना स्वतःची माणसे द्यावीत. ‘दात द्या’ म्हणणाऱ्यांनी पुढच्या दुरुस्तीत या दोन गोष्टी आधी मागायला हव्यात.