नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचा फरक आहे. कल्पित जगांतल्या जमाती एकमेकींना काय म्हणतात, याचा इतिहास बराचसा त्या मात्रेत मावतो.

एल्फ, बुटके, ऑर्क यांच्या तोंडी स्वतःची बोली आणि एकमेकांसाठी टोपणनावे देण्याची चाल रूढ झाली ती मुख्यतः जे. आर. आर. टॉल्किन यांच्यामुळे, आणि ते पेशाने भाषेचे अभ्यासक होते. १९१९-२० मध्ये ते ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात ‘डब्ल्यू’पासून सुरू होणाऱ्या काही शब्दांवर काम करत होते. त्यांत ‘वॉलनट’, म्हणजे अक्रोड, होता. यातल्या ‘वॉल’चा भिंतीशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्ह’ म्हणजे परका, परभाषी. तेव्हा अक्रोड म्हणजे परक्यांकडचे फळ. ‘वेल्श’ हे नाव त्याच शब्दातून आले. वेल्श लोक मात्र स्वतःला ‘कम्री’ म्हणवतात, म्हणजे एकाच मुलखातले. मागाहून आलेल्या इंग्रजांनी आधीपासून राहणाऱ्यांना परके ठरवले आणि तेच नाव चिकटले. या शब्दाची फोड टॉल्किन यांनी १९५५ मधल्या एका व्याख्यानातही केली.

ही खोड जुनी आहे. ज्यांचे बोलणे ‘बर बर’ असे ऐकू येई त्यांना ग्रीकांनी ‘बार्बारोस’ म्हटले. स्लाव भाषांत जर्मनांचे नाव ‘मुका’ या शब्दावरून पडले. आपल्याकडे पतंजलींच्या महाभाष्यात ‘हेलयो हेलयः’ असे ओरडत असुर हरल्याची कथा येते. ‘हे अरयः’, म्हणजे ‘अहो शत्रूंनो’, यातल्या ‘र’चा त्यांनी ‘ल’ केला, असे टीकाकार सांगतात. आणि लगेच बजावणी येते, की असे म्लेच्छांसारखे बोलू नये. एका अक्षरावरून हरलेली जमात कुठल्याही कादंबरीकाराला सहज सुचणार नाही.

टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४-५५) हीच यंत्रणा चालते. बुटक्यांचे स्वतःचे नाव ‘खझाद’. एल्फ त्यांना ‘नाउग्रिम’ म्हणतात, म्हणजे खुरटलेले. बुटक्यांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो: आपले खरे नाव ते परक्याला सांगतच नाहीत, थडग्यावरसुद्धा कोरत नाहीत. जगाला ठाऊक असलेली त्यांची नावे शेजारच्या माणसांच्या भाषेतली आहेत. हॉबिट या ठेंगण्या जमातीला उंच लोक ‘हाफलिंग’ म्हणतात. अर्धे, पण कोणाच्या मापाने? अर्थात म्हणणाऱ्याच्या.

ऑर्कांची बोली म्हणजे उसनवारीचे भांडार. गोंडोर या माणसांच्या राज्यातल्या माणसाला ते ‘टार्क’ म्हणतात. हा ‘टार्किल’ या शब्दाचा झिजलेला अवशेष, आणि तो मूळचा एल्फांच्या अभिजात भाषेतला. नूमेनोर या समुद्रात बुडालेल्या राज्याच्या थोर वंशजांसाठीचा तो मानाचा शब्द शत्रूच्या तोंडी जाऊन हेटाळणीचा झाला.

उलटा प्रवासही आहे. ब्री गावचे लोक एका मळकट भटक्याला ‘स्ट्रायडर’ म्हणतात, म्हणजे लांब ढांगा टाकणारा. तो पुढे राजा होतो आणि तेच नाव एल्फांच्या भाषेत घालून राजघराण्याला देतो: ‘टेलकोंटार’. लोकांनी ठेवलेले नाव त्याने असे नांदते केले.

एक गोष्ट इंग्रजी वाचकाच्या हातून निसटते, मराठी वाचकाला मात्र चटकन पटेल. परिशिष्टात टॉल्किन सांगतात, की शायर या आपल्या मुलखातल्या हॉबिटांच्या रोजच्या बोलण्यातून ‘आपण’सारखी आदरार्थी रूपे जवळपास गेली होती. त्यामुळे पिपिन हा हॉबिट गोंडोरच्या कारभाऱ्याशी, डेनेथॉरशी, सरळ ‘तू’ म्हणून बोलला. दरबारचे नोकर चकित झाले, आणि हा कोणी मोठा राजपुत्र असणार अशी गावभर कुजबुज झाली. इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’च असल्याने हा विनोद तळटीपेत अडकतो. मराठी अनुवादात तो पहिल्याच वाक्याला उभा राहील.

नंतरच्या लेखकांनी यातले पुष्कळ उचलले, पण सगळ्यांना ते जमले नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालिकेत उत्तर सीमेवरच्या भिंतीपलीकडचे लोक काळ्या वेशातल्या पहारेकऱ्यांना ‘कावळे’ आणि दक्षिणेकडच्यांना ‘गुडघे टेकणारे’ म्हणतात. दक्षिणेच्या लेखी ते ‘रानटी’, स्वतःच्या लेखी ‘मोकळे लोक’. चार नावांत राजकारणाची पूर्ण बैठक कळते. वॉरहॅमर या खेळातल्या बुटक्यांचा ‘उम्गाक’ही झकास: ‘उम्गी’ म्हणजे माणूस, आणि ‘उम्गाक’ म्हणजे निकृष्ट, माणसाने घडवलेले असावे तसे. बाकी बऱ्याच ठिकाणी मधे अपॉस्ट्रॉफी टाकून केलेल्या बेवारस शिव्या सापडतात. कोण कोणाला कधी भेटले आणि का बिनसले, याचा त्यांत पत्ता नसतो.

टॉल्किन यांच्याकडे तो असतो, अगदी शेवटच्या पानांतही. शायर बळकावणाऱ्या अदृश्य मालकाला सगळे ‘शार्की’ म्हणतात. हॉबिटांना वाटते, असेल काही तरी नाव. ते बहुधा ऑर्कांच्या ‘शार्कू’वरून आलेले, म्हणजे म्हातारा. मालक म्हणजे पदच्युत जादूगार सारुमान. नावाचा विषय निघतो तेव्हा तोच म्हणतो, की माझी माणसे मला असेच म्हणायची, बहुधा प्रेमाने.