अस्वलाचे दात : एका फटीने केलेली फसगत आणि तिच्यामागची रचना

मेळघाट-ताडोब्यात आढळणाऱ्या आपल्या अस्वलाचे शास्त्रीय बारसे चुकीच्या कुळात झाले. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गअभ्यासकाने त्याला ‘ब्रॅडिपस अर्सिनस’, म्हणजे अस्वलासारखा दिसणारा स्लॉथ (झाडावर उलटा लटकणारा अमेरिकेतला संथ प्राणी), ठरवले. लांब वाकड्या नखांइतकाच घोटाळा दातांनी केला. या अस्वलाच्या वरच्या जबड्यात पटाशीचे मधले दोन दात नसतात आणि स्लॉथला तर पटाशीचे दातच नसतात. १८१० च्या सुमारास जिवंत प्राणी फ्रान्समध्ये पोचला, तेव्हा चूक उघड झाली.

बहुतेक अस्वलांना ४२ दात असतात, याला ४०. नसलेल्या दोन दातांच्या जागची ती फट वाळवीसाठी आहे. अस्वल वारूळ फोडते, फुंकर मारून माती उडवते आणि ओठांची नळी करून वाळवी ओढून घेते. फटीमुळे त्या झोताला मोकळी वाट मिळते. त्याच्या दाढाही इतर अस्वलांच्या मानाने लहान असतात. एरवी या कुळाची वाटचाल मोठ्या दाढांकडे झाली. मांसभक्षकांची कात्रीसारखी दाढ अस्वलांत बोथट झाली आणि मागच्या दाढा लांबरुंद, बुटक्या उंचवट्यांच्या बनल्या. १७९४ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ रोझेनम्युलरने नाव दिलेल्या युरोपातल्या नामशेष गुहा-अस्वलात तर पुढच्या उपदाढा (सुळे आणि दाढा यांमधले दात) बहुधा गळून गेलेल्या दिसतात.

दाताचे बाह्य आवरण, दंतवल्क, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. माणसाच्या दातांवरच्या मोजणीत त्याचा यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, ७० ते १०० गिगापास्कल भरतो, आतल्या डेंटिनचा १५ ते २५. म्हणजे ताठ पण ठिसूळ कवच आणि खाली दाब सोसणारा गाभा. दंतवल्कातल्या सूक्ष्म दांड्यांचे जुडगे एकमेकांना छेदत जातात, त्यामुळे तडा सरळ धावू शकत नाही. जॉन हंटर आणि श्रेगर या शरीरशास्त्रज्ञांच्या नावाने ओळखले जाणारे पट्टे ते हेच. तरीही आत शिरलेला तडा बहुधा डेंटिनच्या सीमेवर थांबतो.

सुळ्याचे गणित वेगळे. तो एका टोकाला रोवलेल्या खांबासारखा वाकतो आणि त्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. व्यास १० टक्के घटला, तर ताकद सुमारे २७ टक्के घटते. आतली पोकळी मात्र वाटते तितकी घातक नाही. पोकळीचा व्यास बाहेरच्या निम्मा असला, तरी तोटा ६ टक्क्यांच्या आसपास. पण ती ८० टक्क्यांवर गेली, तर ताकद ४० टक्क्यांनी कमी होते. कोवळ्या अस्वलाचा नुकताच उगवलेला सुळा असाच पातळ भिंतीचा असतो. वयाबरोबर डेंटिन आत साचत जाते आणि पोकळी अरुंद होते.

दाताच्या मुळावरच्या सिमेंटम या हाडासारख्या आवरणावर वर्षागणिक थर चढतो. १९६६ मध्ये अमेरिकी काळ्या अस्वलांचे वय या थरांवरून मोजण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. आजही त्यासाठी पहिली, छोटी उपदाढ काढतात, कारण ती गेल्याने खाण्यात अडचण येत नाही.

दरवेशी अस्वलाचे सुळे मोडायचे, त्याचे परिणाम इथेच कळतात. हिरडीलगत मोडलेल्या सुळ्यात दंतमज्जा, म्हणजे पोकळीतला मऊ जिवंत भाग, उघडी पडते, जंतू थेट मुळाच्या टोकाशी पोचतात, गळू होते आणि जबड्याचे हाड झिजते. अशा अस्वलांचे पशुवैद्यांना रूट कॅनाल करावे लागते किंवा दात काढावा लागतो. काढणेही सोपे नाही. मूळ वाकडे आणि दिसणाऱ्या भागापेक्षा लांब, म्हणून भोवतीचे हाड कोरावे लागते. खालच्या जबड्यात तर त्या मुळाने हाडाचा मोठा भाग व्यापलेला असल्याने, घाईने ओढल्यास जबडाच मोडण्याचा धोका असतो.