जुन्या कर्नलवर नवं टूल: मागची गोष्ट

एका जुन्या मशीनवर मी आयपीव्ही६ पत्ता टाकत होतो. त्या पत्त्यासोबत आपोआप तयार होणारा राउट, म्हणजे पॅकेट कुठे पाठवायचं ते सांगणारी नोंद, नको होता, म्हणून ‘आयपी’ कमांडला ‘नोप्रिफिक्सराउट’ हा पर्याय दिला. कमांड गुपचूप परतली, एक्झिट कोड शून्य, म्हणजे सगळं ठीक. पण राउटिंग टेबल उघडलं तर नको असलेला राउट तिथेच होता. टूल नवं होतं आणि लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ३.१४ च्या आधीचा. हा पर्याय कळायला लागणारी यंत्रणा ३.१४ मध्ये आली. त्याआधीच्या कर्नलला यातलं काही समजत नव्हतं आणि न समजलेलं तो सोडून देत होता. हे ‘सोडून देणं’ कुठून आलं, ते कळायला बरंच मागे जावं लागतं.

नेटवर्क इंटरफेस दाखवणारं आणि बदलणारं जुनं टूल आयएफकॉन्फिग १९८३ साली ४.२बीएसडी या युनिक्ससोबत आलं. कर्नलशी बोलायची त्याची पद्धत आयओसीटीएलची: ठरलेल्या मापाचं एक स्ट्रक्चर, म्हणजे मेमरीतला ठरावीक रकान्यांचा साचा, भरायचं, कर्नलकडे द्यायचं आणि त्यातच उत्तर घ्यायचं. लिनक्सनेही तीच पद्धत उचलली. यात स्ट्रक्चरचं माप हाच करार असतो. एखादं फील्ड चार बाइटने वाढवलं की जुन्या मापावर आधीच बांधलेला प्रोग्राम चुकीच्या जागी वाचू लागतो. लिनक्समध्ये तर नियमच आहे की कर्नल बदलल्यामुळे आधी चालणारा प्रोग्राम मोडता कामा नये. त्यामुळे एकदा बाहेर पडलेलं माप कायमचं होऊन बसतं.

जे आयओसीटीएलमधून मिळत नव्हतं ते टूल्स /प्रॉक मधल्या, म्हणजे कर्नल मजकूर म्हणून दाखवतो त्या फाइलींमधल्या, मजकुरातून वाचत आणि तिथे करार आणखी कच्चा होता. लिनक्सच्या नेट-टूल्स संचातल्या आयएफकॉन्फिगचा कोड पाहिला तर एक छोटं फंक्शन दिसतं. इंटरफेसची आकडेवारी देणाऱ्या फाइलच्या शीर्षक ओळीत ‘कम्प्रेस्ड’ हा शब्द सापडला तर फॉरमॅट तिसरा, तो नसून ‘बाइट्स’ सापडला तर दुसरा आणि दोन्ही नसतील तर पहिला. कर्नलची आवृत्ती ते विचारतच नाही. समोर काय आलंय ते पाहतं आणि त्याप्रमाणे वाचतं. मला हे फंक्शन फार आवडतं, कारण पुढे वीस वर्षं जे शहाणपण सगळ्यांना परत परत शिकावं लागलं ते त्या तीन-चार ओळींत आधीच आहे.

ठरलेल्या मापाचा सगळ्यात मोठा त्रास ईथटूलला झाला. नेटवर्क कार्डाचा वेग, डुप्लेक्स, ऑटोनिगोशिएशन हे सगळं त्याच्याकडे. मूळ स्ट्रक्चरमध्ये वेगासाठी १६ बिट होते, म्हणजे मेगाबिटमध्ये जास्तीत जास्त ६५,५३५. शंभर गिगाबिटचं कार्ड त्यात मावत नाही. मग राखीव ठेवलेल्या जागेतून आणखी १६ बिट काढून वरचा अर्धा भाग तिथे ठेवला. ज्या टूलला हे माहीत नाही त्याने फक्त खालचे १६ बिट वाचले, तर १,००,००० च्या जागी ३४,४६४ हाती येतात. चूक आहे हे लक्षात यायला कार्डाचा खरा वेग आधीच माहीत असावा लागतो.

वेग कसाबसा बसवला, पण कार्ड कोणकोणते लिंक मोड चालवू शकतं याचा ३२ बिटांचा मुखवटाही (मास्क, प्रत्येक मोडला एक बिट) भरत आला. त्याला राखीव जागा पुरणार नव्हती. म्हणून २०१६ मध्ये, कर्नल ४.६ मध्ये, नवी कमांड आली आणि तिची देवाणघेवाण बघण्यासारखी आहे. टूल पहिल्यांदा मुखवट्याची लांबी शून्य लिहून विचारतं. कर्नल लांबीच्या जागी ऋण आकडा भरून परत पाठवतो, म्हणजे ‘मला ३२ बिटांचे एवढे तुकडे लागतात’. टूल तेवढी जागा घेऊन पुन्हा विचारतं आणि या वेळी खरं उत्तर येतं. उद्या मोड वाढले तरी स्ट्रक्चर बदलायची गरज नाही, ऋण आकडा तेवढा मोठा होईल. कर्नल ही कमांड ओळखतच नसेल तर तो एरर देतो आणि टूल मुकाट्याने जुन्या कमांडकडे वळतं.

कर्नलशी संदेशांतून बोलायची दुसरी पद्धत म्हणजे नेटलिंक. तिची वाट याआधीच सुरू झाली होती. जानेवारी १९९९ च्या २.२ कर्नलच्या काळात अलेक्सेई कुझ्नेत्सोव्ह यांच्या कामातून राउटिंगसाठीचं नेटलिंक आणि आयपीराउट२ हा संच आला. ‘आयपी’ आणि ‘टीसी’ या कमांड त्याच संचातल्या. नेटलिंकमध्ये संदेशाच्या सुरुवातीला एक लहान ठरलेलं स्ट्रक्चर असतं आणि पुढे ॲट्रिब्यूटची, म्हणजे माहितीच्या सुट्या तुकड्यांची, माळ. प्रत्येक ॲट्रिब्यूटच्या तोंडाशी चार बाइट असतात, दोन लांबीचे आणि दोन प्रकाराचे. प्रकार ओळखीचा नसेल तर लांबीइतकं पुढे जायचं आणि पुढचं वाचायचं. जुनं आणि नवं एकमेकांशी बोलू शकलं ते यामुळे.

याचा उपयोग किती झाला ते राउटिंग टेबलच्या क्रमांकावरून कळतं. ठरलेल्या स्ट्रक्चरमध्ये त्यासाठी एकच बाइट होता. २००६ मध्ये, २.६.१९ मध्ये, ३२ बिटांचं वेगळं ॲट्रिब्यूट आलं आणि जुना बाइटही तसाच राहिला. टूल आधी बाइट वाचतं आणि ॲट्रिब्यूट असेल तर ते खरं मानतं. आकडेवारीचंही तसंच. ३२ बिटांचा बाइट-काउंटर गिगाबिट लिंक पूर्ण भरून वाहत असेल तर साधारण ३४ सेकंदांत शून्यावर येतो. २.६.३५ पासून कर्नल ६४ बिटांची आकडेवारी स्वतंत्र ॲट्रिब्यूटमध्ये देऊ लागला, सोबत जुनीही पाठवतोच.

पण माळ कितीही लवचीक असली तरी तिच्या आधीचं ठरलेलं डोकं, म्हणजे सुरुवातीचं स्ट्रक्चर, चुकलं तर काय? इंटरफेसची यादी मागताना १६ बाइटचं डोकं पाठवणं योग्य होतं. आयपीराउट२ मात्र एका बाइटचं डोकं पाठवत होतं, जे चारच्या पटीत जागा घेण्याच्या नियमामुळे चार बाइट जागा घेतं. कर्नललाही इथे तेच अपेक्षित होतं, म्हणून चूक लपून राहिली. कर्नल ३.९ मध्ये ती सुधारली, पण जगभर बसलेली जुनी टूल्स सुधारणार कोण? तेव्हा असं लक्षात आलं की जुन्या टूलने आपलं एकुलतं एक ॲट्रिब्यूट जोडलं तरी त्याचा मजकूर चार अधिक आठ, म्हणजे बाराच बाइट भरतो. सोळापेक्षा कमी लांबीचा संदेश आला की समोर जुनं टूल आहे असं कर्नलने धरायचं. ही तडजोड कर्नलच्या कोडमध्ये कारणासकट लिहून ठेवली आहे आणि ती वाचताना लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटतो. चूक दोघांची होती, तरी भार कर्नलने उचलला.

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे. पत्त्याच्या झेंड्यांना, म्हणजे फ्लॅग्जना, आठच बिट होते. ते संपल्यावर ३.१४ मध्ये ३२ बिटांचं ॲट्रिब्यूट आलं आणि ‘नोप्रिफिक्सराउट’ त्यातून जातं. जुना कर्नल हे ॲट्रिब्यूट ओलांडून पुढे जातो, पत्ता टाकतो आणि ‘झालं’ म्हणतो. अनोळखी गोष्ट सोडून देणं माहिती वाचताना सोयीचं असतं. सेटिंग बदलताना मात्र तेच धोक्याचं ठरतं, कारण वापरणाऱ्याला फसवणूक कळत नाही. नेटवर्क सेटिंग सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रामने यावर उपाय काढला: कर्नलकडून येणाऱ्या पत्त्यांच्या संदेशांत हे ॲट्रिब्यूट दिसतं का ते पाहायचं. दिसलं तर कर्नलला ते कळतं.

आवृत्ती क्रमांक पाहून हे ठरवता येत नाही. लिनक्सची वितरणं (डिस्ट्रिब्युशन्स) जुन्या क्रमांकाच्या कर्नलमध्ये नव्या सुविधा बॅकपोर्ट करतात, म्हणजे मागे आणून बसवतात, आणि कंटेनरमधलं (यजमान मशीनचाच कर्नल वापरणाऱ्या वेगळ्या कप्प्यातलं) ताजं टूल यजमानाच्या कितीही जुन्या कर्नलवर चालू शकतं. वायरलेसच्या जुन्या जगात आवृत्ती क्रमांक जुळवायची पद्धत होती. ड्रायव्हर एका आवृत्तीवर बांधलेला आणि टूलला त्याखालचीच माहीत असेल तर वायरलेसचं टूल आयडब्ल्यूकॉन्फिग ‘काही गोष्टी मोडलेल्या असू शकतात’ असा इशारा छापायचं. नेमकं काय मोडलंय ते त्यातून कधीच कळायचं नाही.

कर्नलच्या बाजूनेही हळूहळू कडकपणा आला. ४.१२ पासून एररसोबत वाचता येईल असा खुलासा पाठवता येतो. ४.२० मध्ये यादी मागण्याच्या विनंत्या काटेकोर तपासण्याची सोय आली, पण टूलने कर्नलशी उघडलेल्या सॉकेटवर, म्हणजे जोडणीवर, तसं मागितलं तरच. जुन्या कर्नलने ती मागणी नाकारली तर टूल नेहमीच्या पद्धतीने पुढे जातं. ५.२ पासून नव्याने जोडल्या जाणाऱ्या ॲट्रिब्यूटना कडक तपासणी लागू झाली. जुन्यांची ढिलाई तशीच ठेवावी लागली, कारण तिच्यावर विसंबून असलेली टूल्स चालू आहेत.

ईथटूल २०२० मध्ये, कर्नल ५.६ पासून, नेटलिंकवर येऊ लागलं. आज ते कार्डाची माहिती मागताना आधी नेटलिंक वापरून पाहतं, नाही जमलं तर २०१६ ची आयओसीटीएल कमांड, तीही नसेल तर मूळ कमांड. इंटरफेसच्या नावाची मर्यादा मात्र अजून १६ बाइटच आहे, नाव संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य धरून. ५.५ मध्ये १२८ बाइटपर्यंतची पर्यायी नावं आली, पण तीही वेगळं ॲट्रिब्यूट म्हणूनच. आयएफकॉन्फिगला ती दिसत नाहीत, आणि त्याला माहीत असलेलं पंधरा अक्षरांपर्यंतचं नाव कर्नल अजूनही त्याच स्ट्रक्चरमध्ये, त्याच जागी भरून देतो.