ओटचे पोहे, जात्यावरचा चहा

माझी भाची ऐरोलीला नोकरी करते. गेले आठ महिने ती नौपाड्यात आमच्याकडेच राहते आणि रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडते. पावणेसातला घर सोडायचं, नऊ-दहा नंबरच्या फलाटावर गर्दीतून वाट काढायची, यात नाश्त्याला वेळ उरत नाही. म्हणून रात्री जेवणं आटोपली की ती काचेची बरणी काढते. तिच्यात वाटीभर ओट्स, त्यावर दूध, चमचाभर सब्जा आणि अर्धा छोटा चमचा माचाची, म्हणजे जपानी चहाची, हिरवीगार पूड. झाकण घट्ट लावून बरणी फ्रीजमध्ये जाते आणि सकाळी थेट डब्याच्या पिशवीत.

पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "मावशी, हे शिजवलेलंच नाही. म्हणजे मी रोज कच्चं धान्य खातेय ना? पोट बिघडणार नाही?"

मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. वर्गात इतका नेमका प्रश्न क्वचित येतो. ओट्याशी उभ्याउभ्या त्याचं उत्तर देता येईना, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी मुद्द्याचं. बरणीतले ओट्स कच्चे नसतात. ओट हे धान्य तांदूळ-गव्हापेक्षा बरंच स्निग्ध आहे. त्यात साधारण ७ टक्के चरबी असते, गव्हात २ टक्क्यांच्या आसपास. त्याच दाण्यात लायपेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं आणि ते चरबी तोडतं. दाणा अखंड असतो तोवर दोघं वेगवेगळ्या जागी असतात. दाणा चेपला किंवा भरडला की ती एकत्र येतात आणि थोड्याच दिवसांत धान्य खवट, कडू लागायला लागतं. हे टाळायला गिरणीत सोललेल्या दाण्याला आधी कडक वाफ देतात. वाफेने लायपेज निकामी होतं, स्टार्चही अर्धवट शिजतो, दाणा मऊ पडतो आणि मग तो रुळांखाली चपटा करतात.

हे वाचताना तुम्हाला पोहे आठवले असतील तर अगदी बरोबर. पोह्यांच्या गिरणीतही हेच चालतं: भात भिजवायचं, भट्टीत भाजायचं आणि गरम असतानाच चेपायचं. म्हणूनच पोहे नुसते भिजवून दह्याबरोबर खाता येतात आणि दडपे पोहे खोबऱ्याच्या नि कांद्याच्या ओलाव्यावर मऊ होतात. तांदूळ मात्र रात्रभर भिजवला तरी कच्चाच राहतो. रोल्ड ओट्स म्हणजे ओटचे पोहे. दूध-पोह्यांना जे शास्त्र लागू, तेच या बरणीला.

आता गंमत अशी की बरणीतल्या दुसऱ्या जिनसाची गोष्टही वाफेपासूनच सुरू होते. माचा म्हणजे दळलेला चहा. त्यातला 'चा' आणि आपला 'चहा' एकाच चिनी शब्दातून आले आहेत. चहाचं पान खुडलं आणि चुरगळलं की त्यातलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर हवेच्या मदतीने पान तांबूस-काळं करतं. चिरलेलं वांगं किंवा सफरचंद ज्याने काळं पडतं, त्याच जातीचं हे विकर. आपल्या रोजच्या चहासाठी त्याला मनसोक्त काम करू देतात, म्हणून आपली चहापूड काळी. माचाची पानं मात्र खुडल्यावर लगेच वाफेवर धरतात. विकर तिथेच थांबतं आणि हिरवा रंग टिकतो. एका बरणीत दोन वनस्पती, दोन देशांतल्या दोन रीती, आणि दोन्हीकडे वाफ दिली ती एकेक विकर थांबवण्यासाठी. चुलीचं काम आपल्या घरी पोचण्याआधीच झालेलं असतं. रात्रीपुरतं उरतं ते फक्त पाण्याचं काम.

तेच खरं पाहण्यासारखं आहे. ओट्स दुधात पडले की पहिल्या काही मिनिटांत कडेचा स्टार्च पाणी पितो आणि पापुद्रा लवचीक होतो. मधला भाग हळूहळू भिजतो. फ्रीजमध्ये सगळं आणखी सावकाश चालतं, म्हणून पाच-सहा तास द्यावे लागतात. ओटचा स्टार्च पुरता फुलायला साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. थंड दुधात ते मिळत नाही, त्यामुळे या ओट्सची खीर होत नाही. पापुद्रा मऊ होतो, पण दाताला लागतो. मला ही चव शिजवलेल्या ओट्सपेक्षा जास्त आवडते. 'इन्स्टंट' म्हणून मिळणारे ओट्स मात्र यासाठी घेऊ नका. ते फार पातळ चेपलेले असतात, सकाळपर्यंत त्यांचा लगदा होतो आणि रक्तातली साखरही ते जाड ओट्सपेक्षा लवकर वाढवतात.

ही कल्पना तशी नवी नाही. १९०० च्या सुमारास झुरिचमध्ये मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर नावाचे डॉक्टर आपल्या रुग्णांना रात्रभर पाण्यात भिजवलेले ओट्स, किसलेलं सफरचंद, लिंबू आणि सुकामेवा असं मिश्रण देत. आज 'मूसली' म्हणून जे विकलं जातं, त्याचं मूळ तिथे आहे.

आता सकाळी बरणीत जो दाटपणा येतो, त्याकडे वळू. एकदा दुधाऐवजी साध्या पाण्यात ओट्स भिजवा. सकाळी ते पाणी चहाच्या गाळणीतून गाळा आणि दोन बोटांत चोळून पाहा. भेंडी चिरताना हाताला लागतो, तसा बुळबुळीतपणा जाणवेल. तो बीटा-ग्लुकानमुळे येतो.

बीटा-ग्लुकान म्हणजे ग्लुकोजचीच लांब माळ. स्टार्चही ग्लुकोजचीच माळ आणि सुती कापडातला सेल्युलोजही. फरक आहे तो मणी कसे ओवलेत यात. स्टार्चमधले जोड आपल्या पोटातली विकरं तोडू शकतात, त्यामुळे भात पचतो. सेल्युलोजचे जोड आपल्याला तुटत नाहीत. त्यातच त्याच्या माळा सरळसोट असतात, एकीला एक खेटून घट्ट जुड्या बांधतात आणि पाण्याला आत शिरू देत नाहीत. बीटा-ग्लुकान या दोघांच्या मधलं आहे. त्याचेही जोड आपल्याला तुटत नाहीत, पण तीन-चार ग्लुकोज सरळ रांगेत आले की माळेत एक वेगळा जोड येतो आणि तिथे तिला मुरड पडते. मुरडलेल्या माळा एकमेकींना खेटून बसू शकत नाहीत. मधल्या फटींत पाणी शिरतं, माळा विरघळतात आणि पाण्याला दाट करतात. तीन-चार मण्यांनंतरची ती एक मुरड नसती, तर ओट्स भिजवून लाकडाच्या भुशासारखे लागले असते. मला हे दरवेळी विलक्षण वाटतं.

पोटात गेल्यावरही हा दाटपणा टिकतो. अन्न सावकाश पुढे सरकतं, साखर रक्तात हळूहळू उतरते, आणि भाचीला ११ वाजेपर्यंत भूक लागत नाही. शिवाय पचनासाठी यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. एरवी ती आतड्यातून परत शोषली जाऊन पुन्हा वापरली जातात. या बुळबुळीत थरात त्यांतली काही अडकून शरीराबाहेर जातात. मग यकृताला नवी पित्ताम्लं बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलावं लागतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये याच आधारावर ओट्सच्या पाकिटांवर हृदयविकाराबाबतचा दावा छापायला परवानगी दिली. त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान हे प्रमाण धरलं होतं. ४० ग्रॅम ओट्समधून साधारण दीड ग्रॅम मिळतं. म्हणजे एका बरणीने अर्धं काम होतं, पूर्ण नाही. पाकिटावरची मोठी अक्षरं वाचताना एवढं ध्यानात असावं.

माचाकडे येऊ. ११९१ मध्ये एइसाई नावाचे झेन भिक्षू चीनहून चहाचं बी घेऊन जपानला परतले. चहाची पूड पाण्यात घुसळून पिण्याची रीतही त्यांनीच तिकडे रुजवली, असं मानतात. पुढे क्योटोजवळचं उजी गाव माचासाठी नावाजलं. तिथे खुडणीआधी तीनेक आठवडे मळ्यावर आच्छादन घालतात. चहाचं झाड मुळांमध्ये थिअनिन नावाचं अमिनो आम्ल बनवून पानांत पाठवतं. उन्हात त्याचं रूपांतर तुरट कॅटेचिनमध्ये होतं. सावलीत ते थिअनिन बऱ्याच प्रमाणात तसंच राहतं आणि चव गोडसर, भरीव होते. उजेड कमी मिळतो म्हणून पान जास्त हरितद्रव्य साठवतं. माचाचा तो डोळ्यांत भरणारा हिरवा रंग सावलीतून आलेला असतो.

वाळवलेल्या पानांच्या शिरा काढून ती दगडी जात्यावर दळतात. होय, आपल्या जात्यासारखीच दोन पाळी, एकावर एक. जोरात फिरवलं तर दगड तापतो, वास उडतो आणि रंग उतरतो, म्हणून ते अगदी मंद फिरवतात. एका जात्यातून तासाला ३०-४० ग्रॅमच पूड निघते. पाकिटांवर 'सेरेमोनियल' वगैरे शब्द असतात, पण त्यांना ठरलेलं असं कोणतंही मोजमाप नाही. पूड पिवळट-मळकट दिसली तर ती जुनी, एवढी खूण पुरेशी आहे.

इतकी बारीक पूड एकदम दुधात टाकली की गुठळ्या होतात. नाचणीच्या आंबिलीसारखंच करायचं: आधी चमचाभर कोमट पाण्यात कालवून घ्यायची आणि मग दूध घालायचं. जपानी लोक बांबूची कुंचली वापरतात, आमच्याकडे ताकाची लहान रवी आहे. घुसळताना जो फेस येतो, त्यात चहातल्या सॅपोनिनचा हात असतो. रिठ्याचा फेसही सॅपोनिनचाच.

रंगाबद्दल एक प्रयोग आम्ही दोघींनी केला. तीन वाट्यांत कालवलेला माचा घेतला. एकीत दूध, दुसरीत दही आणि तिसरीत पाणी नि लिंबाचा रस. रात्रभर तिन्ही फ्रीजमध्ये ठेवल्या. सकाळी दुधातला हिरवा तसाच होता, दह्यातला किंचित उतरला होता आणि लिंबातला सरळ शेवाळी-तपकिरी झाला होता. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आम्ल त्याला हुसकावून लावतं आणि रंग बदलतो. झाकण ठेवून पालक शिजवला की तो काळपट पडतो, त्यामागेही हेच कारण: पालकाचीच आम्लं वाफेबरोबर उडून न जाता भांड्यात राहतात. तेव्हा हिरवा रंग हवा असेल तर बरणीत दूध घालावं. फळं सकाळी घालावीत. कच्चा अननस किंवा किवी तर रात्री दुधात अजिबात नको, त्यांची विकरं दुधातली प्रथिनं तोडतात आणि सगळं कडू होतं.

आता एक गोष्ट ठासून सांगायची आहे. ही बरणी ओट्यावर ठेवू नका. थंड देशातले व्हिडिओ पाहून आपल्याकडे काहीजण तसं करतात. ठाण्यात मे महिन्याच्या रात्री इडलीचं पीठ भांड्याबाहेर येतं. तीच ऊब दुधातल्या आणि धान्यावरच्या जिवाणूंनाही मिळते. इडलीच्या पिठात लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि वर आपण ते वाफवतो. ओट्सच्या बरणीत यांतलं काहीच नाही. गिरणीतल्या वाफेने बॅसिलस सेरियससारख्या जिवाणूंचे बीजाणू मरतीलच असं नाही. त्यांना ओल आणि ऊब मिळाली की ते जागे होतात. गेल्या मे महिन्यात एकदा आमच्याकडे रात्री बराच वेळ वीज नव्हती. सकाळी झाकण उघडताना फुस्स झालं आणि आंबूस वास आला. भाची म्हणाली, "वरचं काढून खाऊ का?" मी बरणी मोरीत ओतली. दूध असलेली बरणी ५ अंशांच्या खालीच हवी.

शेवटची काळजी मला सगळ्यात जास्त वाटते. आपण चहा पितो तेव्हा पानं गाळून टाकतो, माचा मात्र पानासकट पोटात जातो. एक ग्रॅम पुडीत साधारण २० ते ४० मिलीग्रॅम कॅफिन असतं. तेवढं बहुतेकांना चालतं. गरोदर बाईने दिवसभराचं सगळं कॅफिन मिळून २०० मिलीग्रॅमच्या आत ठेवावं. खरा प्रश्न आहे लोहाचा. लोखंडी विळीवर आवळा चिरला की पातं काळं पडतं, कारण आवळ्यातली तुरट द्रव्यं लोहाला धरून बसतात. माचातली कॅटेचिनं पोटात तेच करतात. त्यात ओट्समधलं फायटिक आम्ल आणि दुधातलं कॅल्शियमही भर घालतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. महिलांच्या डब्यात जितक्या जणी उभ्या असतात, त्यांतल्या निम्म्या तरी यात आल्या.

भाचीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि ती त्या गाडीत, याच बरणीबरोबर गिळत होती. हे मला दोन महिन्यांनी कळलं. आता डॉक्टरांना विचारून गोळी रात्री, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घेते. माचा मंगळवारी आणि शुक्रवारी. बाकीच्या दिवशी साध्या ओट्सची बरणी, आणि वर ऐनवेळी सोललेल्या संत्र्याच्या फोडी.