पार्श्वभूमी: राजापूरची खासदारकी कुठे गेली

1957 ते 2004 या काळातल्या लोकसभेच्या प्रत्येक निवडणुकीत राजापूर नावाचा मतदारसंघ होता. जुन्या यादीत राज्याची सुरुवातच त्याच्यापासून होई: 1 राजापूर, 2 रत्नागिरी, 3 कुलाबा आणि मग मुंबई. विधानसभेचा पहिला क्रमांक सावंतवाडीचा. 2008 मध्ये मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि 2009 साली यादी नंदुरबारपासून सुरू झाली. राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून गेले, रत्नागिरी-सिंधुदुर्ग 46व्या क्रमांकावर आला आणि सावंतवाडी 270व्या. क्रमांक बदलले याचे दुःख करण्यासारखे काही नाही. पण त्याच वेळी मुंबई-ठाणे सोडून उरलेल्या कोकणाच्या 18 आमदारक्यांच्या 15 झाल्या आणि तीन खासदारक्यांच्या अडीच. ही 'अडीच' नेमकी कशी झाली, हे अजून अनेकांना नीट ठाऊक नाही.

आधीचा इतिहास थोडक्यात. 1948 मध्ये सावंतवाडी संस्थान रत्नागिरी जिल्ह्यात आणि जंजिरा संस्थान कुलाबा जिल्ह्यात विलीन झाले. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण आणि कुलाबा असे तीन मतदारसंघ होते. कुलाब्यातून तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री निवडून आले आणि 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत तिन्ही जागा तीन वेगवेगळ्या विरोधी पक्षांकडे गेल्या. याच निवडणुकीपासून दक्षिणेकडच्या मतदारसंघाचे नाव राजापूर झाले.

राजापूरने पुढच्या 34 वर्षांत दोनच खासदार दिल्लीला पाठवले. पहिले वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर. 1957, 1962 आणि 1967 अशा तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या आणि जानेवारी 1971 मध्ये ते वारले. त्यानंतर आले मुंबईतल्या महाविद्यालयात शिकवणारे प्राध्यापक, मूळचे नगरचे. 1971 ते 1989 या काळात ते पाच वेळा निवडून आले, 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले, पुढे अर्थमंत्रीही. बाहेरच्या माणसाला तळकोकणाने वीस वर्षे आपला मानले. त्या सभांबद्दल, त्या भाषणांबद्दल आजही जुनी माणसे ज्या सुरात बोलतात, तो सूर मतदारसंघ पुसला गेल्याच्या हळहळीत मिसळलेला आहे. 1991 ला जागा दुसऱ्या पक्षाकडे गेली आणि 1996 पासून चार निवडणुका एका सनदी लेखापालाने जिंकल्या. हे राजापूरचे शेवटचे खासदार.

नावांचा गुंताही इथेच सोडवून टाकू. राजापूर तालुका रत्नागिरी जिल्ह्यात. 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, पण त्याला स्वतःच्या नावाची खासदारकी मिळाली नाही. सावंतवाडीचा मतदार पुढेही राजापूरच्याच खासदाराला मत देत राहिला. कुलाब्याचा घोळ त्याहून मोठा. कुलाबा म्हणजे अलिबागच्या समुद्रातला किल्ला. त्यावरून जिल्ह्याचे नाव, त्यावरून मतदारसंघाचे. 1981 मध्ये जिल्हा रायगड झाला, मतदारसंघ मात्र 2004 पर्यंत कुलाबाच राहिला. त्याच वेळी मुंबईत कुलाबा नावाचा विधानसभा मतदारसंघ होता आणि आहे. या दोघांचा एकमेकांशी कधीच संबंध नव्हता. जुनी आकडेवारी चाळताना ही चूक फार जण करतात.

आता मूळ मुद्द्याकडे. 1971 च्या जनगणनेवर आखलेल्या सीमा 1977 पासून लागू झाल्या आणि पुढे हलल्याच नाहीत. 42व्या घटनादुरुस्तीने 1976 मध्ये जागांची संख्या 2001 च्या जनगणनेपर्यंत गोठवली. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले, त्यांच्या जागा कमी होऊ नयेत हा हेतू. हेतू राज्याराज्यांतल्या तोलाचा होता, परिणाम मात्र राज्यांच्या आतही झाला. नऊ लोकसभा निवडणुका त्याच सीमांवर झाल्या. तेवढ्या वर्षांत गिरणगावातली खोली सोडून कोकणी माणूस डोंबिवली, दिवा, विरार, नालासोपारा इथे पसरला. दर दहा वर्षांनी थोडाथोडा झाला असता तो बदल तीस वर्षे साचला आणि 2008 मध्ये एकदम अंगावर आला.

तो येताना एक निर्णय असा झाला की त्याची चर्चा कोकणात जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. 84व्या घटनादुरुस्तीने राज्यनिहाय जागा 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुन्हा गोठवल्या, पण राज्याच्या आत सीमा नव्याने आखायला मोकळीक दिली. ती आखणी 1991 च्या जनगणनेवर व्हायची होती. त्यासाठी परिसीमन आयोग, म्हणजे सीमा आखणारा आयोग, नेमला गेला. मग 2003 मध्ये 87वी घटनादुरुस्ती आली आणि 1991 च्या जागी 2001 ची जनगणना घ्यायचे ठरले. नवे आकडे हाती असताना जुन्यांवर काम कशाला, हा युक्तिवाद दिल्लीतून सरळ दिसतो. रत्नागिरीतून तो कसा दिसतो, ते आकडेच सांगतात.

1991 मध्ये राज्याची लोकसंख्या 7,89,37,187 होती. तिला 288 ने भागले की एका आमदारामागे सुमारे 2,74,000 माणसे येतात. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 15,44,057 होती, म्हणजे 5.63 जागा, पूर्णांकात 6. सिंधुदुर्गाला 3, रायगडला 7, ठाणे जिल्ह्याला 19. आता 2001 घ्या. राज्य 9,68,78,627, एका जागेमागे सुमारे 3,36,000. रत्नागिरी 16,96,777, म्हणजे 5.04 जागा, पूर्णांकात 5. सिंधुदुर्ग 8,68,825, तरी 3. रायगड 7. ठाणे 81,31,849, म्हणजे 24. प्रत्यक्षात आयोगाच्या आदेशात आले तेही 2001 चे हेच आकडे. रत्नागिरी 7 वरून 5 वर, सिंधुदुर्ग 4 वरून 3 वर, रायगड होते तिथेच 7 वर आणि ठाणे 13 वरून थेट 24 वर. रत्नागिरीची सहावी आमदारकी जनगणनेचे वर्ष बदलल्याने गेली. त्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या घटली नव्हती, दीड लाखाने वाढली होती. राज्य मात्र तिच्यापेक्षा खूप वेगाने वाढले.

न्यायाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जुन्या सीमांवर 2001 मध्ये ठाणे जिल्ह्यात एका आमदारामागे सव्वासहा लाख माणसे होती आणि सिंधुदुर्गात दोन लाख सतरा हजार. ठाण्यातल्या माणसाच्या मताची किंमत सिंधुदुर्गातल्या मताच्या जेमतेम एकतृतीयांश. हे टिकणारे नव्हतेच, आणि त्या सव्वासहा लाखांत आपलीच माणसे मोठ्या संख्येने होती.

पण इथेच चाकरमान्याचा प्रश्न येतो. जनगणना माणूस राहतो तिथे मोजते. चाकरमानी राहतो ठाण्यात, घर बांधतो गावी; गणपतीला, शिमग्याला गावी येतो; देवस्थानचा मान, सामाईक सातबारा, पाण्याची योजना, रस्त्याचा वाद या सगळ्यांत तो गावचा असतो. 2001 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1136 स्त्रिया होत्या, कारण कमावता पुरुष बाहेर. ज्या जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना, गोदीला, कचेऱ्यांना तीन-चार पिढ्या माणसे पुरवली, त्याचीच खुर्ची त्या माणसांबरोबर मुंबईच्या दिशेने गेली. सीमा आखण्याच्या 2002 च्या परिसीमन कायद्यात भूरचना, प्रशासकीय विभागांच्या सीमा, दळणवळणाची साधने, जनतेची सोय हेही निकष लिहिलेले आहेत. पण जागा ठरवताना लोकसंख्येचा आकडा आधी येतो, बाकीचे निकष उरलेल्या रेघा ओढताना. सह्याद्रीच्या कुशीतली वाडी आणि नालासोपाऱ्यातली चाळ यांना एकाच मापाने मोजणे मला आजही अपुरे वाटते.

खासदारकीचा हिशेब यावरच उभा राहिला. महाराष्ट्रात 48 खासदार, 288 आमदार. एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ. ठाण्याचे 24 म्हणजे बरोबर चार खासदार, बाकी शून्य. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे मिळून 8: सहांचा एक मतदारसंघ झाला, दापोली आणि गुहागर उरले. ते रायगडला जोडले. रायगडचे स्वतःचे 7, त्यांतले चार दापोली-गुहागरबरोबर जाऊन सहा पूर्ण झाले आणि पनवेल, कर्जत, उरण उरले. ठाण्यात जागा नव्हती. पुण्याचे 21, म्हणजे तिथेही तीन उरलेले. तीन आणि तीन सहा. पनवेल, कर्जत, उरण हे घाटावरच्या मावळ, चिंचवड, पिंपरीला जोडून मावळ नावाचा मतदारसंघ तयार झाला.

भागाकार सुटला. मधे बोरघाट आहे, हे भागाकारात कुठे येणार? उरणची खाडी, मिठागरे, बंदर आणि त्यासाठी जमिनी दिलेल्यांचे प्रश्न, पनवेलच्या विमानतळाचे प्रश्न, कर्जतच्या ठाकर-कातकरी वाड्या हे सगळे ज्या खासदाराकडे न्यायचे तो 2009, 2014, 2019 आणि 2024 या चारही वेळा घाटावरचा, पिंपरी-चिंचवडचा निवडून आला. माणसे चांगली की वाईट हा प्रश्नच नाही. मतांचा भार तिकडे आहे.

दापोली-गुहागरची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते अधिक विचित्र. जिल्हा रत्नागिरी, जिल्हाधिकारी रत्नागिरीत, खासदार रायगडचा. श्रीवर्धन आणि मंडणगड यांच्यामध्ये बाणकोटची खाडी, दापोली आणि गुहागर यांच्यामध्ये दाभोळची. फेरीबोटीने जा, नाहीतर लांबचा वळसा घ्या. जिल्हा नियोजनाच्या बैठकीला दोन खासदार आणि दोघांच्याही मतदारसंघाचा काही भाग जिल्ह्याबाहेर, अशी स्थिती तेव्हापासून आहे.

आमदारक्यांच्या बाबतीत नावेच गेली. खेड, संगमेश्वर, मालवण, वेंगुर्ला, देवगड, माणगाव, खालापूर या नावांचे मतदारसंघ उरले नाहीत. मालवण कुडाळात गेले, वेंगुर्ला आणि दोडामार्ग सावंतवाडीत, देवगड आणि वैभववाडी कणकवलीत. खेड आणि संगमेश्वर हे तालुके तर शेजाऱ्यांत वाटले गेले. संगमेश्वरचा माणूस आता आमचा आमदार कोण असे विचारले की आधी गाव विचारतो. आयोगाने मसुदा प्रसिद्ध केला, हरकती घेतल्या. राज्यातले काही खासदार-आमदार सहयोगी सदस्य होते, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. अंतिम आदेशाला न्यायालयात आव्हान देता येत नाही, असे कायद्यात लिहिलेले आहे. फेब्रुवारी 2008 मध्ये तो लागू झाला आणि विषय संपला.

2009 मध्ये याचे पडसाद लगेच दिसले. राजापूरचे शेवटचे खासदार नव्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात हरले. रत्नागिरीचे आधीचे खासदार नव्या रायगडमध्ये उभे राहिले आणि त्यांनी एका माजी मुख्यमंत्र्यांना हरवले. 2014 मध्ये रायगडचा निकाल 2,110 मतांनी लागला. एवढ्या थोड्या अंतरात खाडीपलीकडच्या दोन मतदारसंघांतले एकेक गाव मोलाचे ठरते. पुढच्या निवडणुकांत रायगडचे उमेदवार गुहागर-दापोलीकडे अधिक लक्ष देऊ लागले, हे मान्य केले पाहिजे. उपेक्षेची जी भीती 2008 मध्ये व्यक्त झाली होती, ती इथे पूर्ण खरी ठरली नाही. मावळच्या तीन मतदारसंघांबद्दल मी असे म्हणणार नाही.

2011 च्या जनगणनेत तळकोकणाने आणखी एक धक्का दिला. रत्नागिरीची लोकसंख्या 16,15,069 आणि सिंधुदुर्गाची 8,49,651 निघाली. दोन्ही जिल्हे दहा वर्षांत आकसले. याच काळात ठाणे जिल्हा 1,10,60,148 वर गेला (2014 मध्ये त्यातून पालघर वेगळा झाला, मतदारसंघ तेच राहिले). पुढची जनगणना 1 मार्च 2027 या संदर्भ दिनांकाने घेण्याची अधिसूचना जून 2025 मध्ये निघाली आहे. 2026 नंतरची ती पहिली, त्यामुळे गोठवलेल्या जागांचा प्रश्नही तिच्यावरच येऊन ठेपतो. महिलांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवणारी 106वी घटनादुरुस्तीही नव्या सीमांशीच बांधलेली आहे.

जागा 288 च राहिल्या असे धरून 2011 चे आकडे जुन्याच रीतीने मांडले, तर एका आमदारामागे सुमारे 3,90,000 माणसे येतात. रत्नागिरीला 4.14, सिंधुदुर्गाला 2.18. चार आणि दोन सहा, म्हणजे बरोबर एक खासदार, उरलेले काही नाही. दापोली आणि गुहागर मग रायगडला जोडावे लागणार नाहीत; ते आपल्या जिल्ह्याच्या खासदाराकडे परत येतील, आणखी दोन आमदारक्या गमावून.